हाताने थांबणारी गाडी

गाडी घ्यायची म्हटल्यावर पहिला प्रश्न धाकट्या भावाने विचारला. "चालवणार कोण?"

वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या माझ्या तळमजल्यावरच्या घरात आम्ही तिघं बसलो होतो. आई, मी आणि तो. तो विरारला मनवेलपाड्याला राहतो आणि दर रविवारी आमच्याकडे येतो. येताना भाजी आणतो आणि सल्लेही. मी म्हटलं, "मी चालवणार." त्याने माझ्या पायांकडे पाहिलं नाही, एवढं त्याला कळतं. त्याने आईकडे पाहिलं आणि आईने माझ्या पायांकडे पाहिलं.

मी दीड वर्षाची असताना मला पोलिओ झाला. दोन्ही पाय गेले. मांडीपासून बुटापर्यंत कॅलिपर बांधते, कुबड्या घेते आणि चालते. एका तंत्रनिकेतनात मी यंत्ररेखाटन शिकवते. फळ्याजवळ उंच स्टुलावर बसून गेली सव्वीस वर्षं मी मुलांकडून नटबोल्टांच्या आकृत्या काढून घेतेय. मागे दोन जादा चाकं लावलेली माझी स्कूटर होती. ती मी पंधरा वर्षं चालवली. मग खांदे दुखायला लागले. डॉक्टर म्हणाले, कुबड्यांनी सांधे झिजलेत, आता स्कूटरचे धक्के बंद करा. त्या दिवसापासून मी रिक्षावाल्यांच्या मर्जीवर आले. काही जण कुबड्या दिसल्या की पुढे निघून जायचे. काही थांबायचे, पण न विचारता काखेत हात घालून मला उचलायला बघायचे. मला त्या दुसऱ्यांचा राग जास्त यायचा.

म्हणून गाडी. ऑटोमॅटिक गाडी, म्हणजे क्लच नको. राहिले ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. या दोघांना हातात आणायचं. कागदावर हे फार अवघड नव्हतं.

भावाबरोबर मी दोन शोरूममध्ये गेले. पहिल्या ठिकाणी विकणाऱ्या मुलाने पूर्ण वेळ माझ्या भावाशी बोलून घेतलं आणि शेवटी मागचं दार उघडून म्हणाला, "मॅडमना मागे एकदम आरामशीर, सर." दुसऱ्या ठिकाणी मीच आधी सांगितलं की हाताने चालवायची सोय बसवून घेणार आहे. मॅनेजर बाहेर आला. गोड बोलला. म्हणाला, बाहेरून पेडलला काहीही जोडलं तर वॉरंटी रद्द होईल, आणि कंपनी त्याची जबाबदारी घेणार नाही. मी विचारलं, "मग कंपनीच बसवून देते का?" त्याने मान हलवली. नाही.

परत येताना रिक्षात भाऊ म्हणाला, "ताई, मी ड्रायव्हर बघू का एखादा?"

मी म्हटलं, "तू बोलू नकोस जरा."

त्याच महिन्यात आमच्या कॉलेजातल्या ग्रंथपाल बाईंनी मला त्यांच्या चुलत्यांबद्दल सांगितलं. त्या वसईच्या पश्चिमेकडच्या एका ख्रिस्ती गावातल्या. त्यांचे चुलते वीस वर्षं आखातात ड्रायव्हर होते. आता वाडीत केळी आणि चाफा लावतात. त्यांच्याकडे एक जपानी सेडान होती, ऑटोमॅटिक, आणि ती त्यांना विकायची होती. घेणारं कोणी मिळत नव्हतं, कारण त्या कंपनीने आपल्या देशात गाड्या विकणं कधीच बंद केलं होतं.

मी एकटीच गेले, रिक्षाने. भावाला कळवलं नाही.

नारळाखाली ताडपत्री घालून गाडी उभी होती. राखाडी रंगाची, लांब, जमिनीला जवळ. चुलत्यांना गावात सगळे अंकल म्हणायचे; अंकलनी ताडपत्री ओढून काढली आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. दार इतकं उघडलं की मला वाटलं आता निखळतंय. मग सीट खाली कुठेतरी हात घालून मागे सरकवली, आणखी मागे, अगदी टोकापर्यंत. "बस, बाय," म्हणाले आणि दोन पावलं मागे सरकले. उचलायला पुढे आले नाहीत. मी सीटवर टेकले, एक पाय हाताने उचलून आत घेतला, मग दुसरा. कुबड्या शेजारच्या सीटवर गेल्या. नव्या उंच गाड्यांमध्ये मला हे जमलंच नव्हतं. तिथे चढावं लागायचं. इथे नुसतं बसायचं होतं.

अंकल खिडकीशी वाकले. मला वाटलं, आता येणार तो प्रश्न. पण ते म्हणाले, "ब्रेक हातात घ्यायचा तर दांडा कुठून आणशील? स्टेअरिंगच्या उजवीकडून की डावीकडून?"

त्या क्षणी मी ती गाडी घ्यायची ठरवली.

चहा पिताना त्यांनी मला त्या कंपनीची हकीकत सांगितली. आखातात त्यांनी याच कंपनीची मोठी जीप चालवली होती, वाळूत, बाहेर पन्नास डिग्री असताना. कंपनीने जपानात युद्धानंतर तीनचाकी टेम्पो बनवायला सुरुवात केली होती, असं त्यांना तिथल्या फोरमनने सांगितलं होतं. मग छोट्या गाड्या, मग मोठ्या, मग वाळवंटातल्या शर्यती. आपल्याकडे ती एका देशी कंपनीबरोबर भागीदारीत आली. काही वर्षं या सेडानचा तोरा होता. डॉक्टर, बिल्डर, कॉलेजात जाणारी त्यांची मुलं, सगळ्यांना हीच गाडी हवी असायची. मग स्वस्त गाड्या आल्या, आणि कंपनीने नवीन मॉडेल आणायला उशीर केला. एकेक करून सर्व्हिस सेंटरं बंद झाली. एक दिवस अंकल गाडी घेऊन ठाण्याला गेले तर तिथे फर्निचरचं दुकान होतं.

"गाडी वाईट नाय," ते म्हणाले. "तिच्यामागे उभं राहायला कोण राहिलं नाय, एवढंच."

मी मनात म्हटलं, मग बरंच आहे. जिची वॉरंटीच उरलेली नाही, तिची वॉरंटी कोण रद्द करणार?

भावाला सांगितलं तेव्हा तो खरोखर चिडला. "सोडून गेलेल्या कंपनीची गाडी! पार्ट मिळणार नाहीत. रस्त्यात बंद पडली तर तू काय उतरून ढकलणार आहेस?"

"तू असतास तर ढकलत बसला असतास का?" मी विचारलं. "तूही फोनच केला असतास ना? फोन मलाही करता येतो."

तो जेवला नाही त्या रविवारी. मी जेवले.

पुढचे दोन आठवडे मी अंकलच्या वाडीत जाऊन गाडीखालच्या अंधारात टॉर्च आणि मापपट्टी धरून घालवले, म्हणजे अंकल आडवे झाले आणि मी खुर्चीत बसून मापं लिहून घेतली. पेडलची लांबी, त्यांच्यातलं अंतर, ब्रेक किती दाबला जातो, स्टेअरिंगच्या दांड्याखाली किती जागा. घरी येऊन ड्रॉइंग बोर्डावर आकृती काढली. एक दांडा, स्टेअरिंगच्या उजव्या हाताशी. पुढे ढकलला की ब्रेक, स्वतःकडे ओढला की वेग. दांड्यातून दोन सळ्या खाली जाऊन पेडलांना पकडणार. स्टेअरिंगवर एक गोल मूठ, डाव्या हाताने फिरवायला. अशा वस्तू तयार मिळतात हे मला माहीत होतं. पण मागवलेला संच या मॉडेलला बसेना. या गाडीसाठी कोणी काही बनवतच नव्हतं.

सातिवलीत माझा एक जुना विद्यार्थी लेथ आणि वेल्डिंगचं युनिट चालवतो. आता तो चाळिशीचा आहे, मूळचा साताऱ्याकडचा. आकृती बघून त्याने आधी विचारलं, "मॅडम, या कडेला गोलाई किती?" मग ब्रेकच्या सळीवर बोट ठेवलं. म्हणाला, "पण हा ब्रेक आहे. माझ्या वेल्डिंगमध्ये काही राहून गेलं तर?"

"म्हणून तर तुझ्याकडे आले."

"तसं नाही मॅडम. मला झोप लागणार नाही."

"तर मग असा बनव की लागेल."

पहिला दांडा वाकला. गाडी उभी असताना मी सगळा जोर लावून ढकलला, आणि सळी मधोमध धनुष्यासारखी झाली. माझ्या पायांत बळ नाही पण हात कुबड्यांवर पन्नास वर्षं शरीर पेलतायत, हे त्याने हिशेबात धरलं नव्हतं. मीही नव्हतं. दुसऱ्या वेळी जाड सळी घेतली आणि जोडाला वेल्डिंगऐवजी खीळ बसवली. तिसऱ्या वेळी मुठीचा कोन बदलला, कारण मनगट भरून येत होतं. शुक्रवारी औद्योगिक वसाहतीला सुट्टी असते, गल्ल्या रिकाम्या असतात. त्या शुक्रवारी गाडी पहिल्यांदा माझ्या हाताने दहा फूट पुढे गेली आणि माझ्याच हाताने थांबली. तो शटरशी उभा होता. म्हणाला, "अजून एकदा थांबवून दाखवा." मी पुन्हा थांबवली. त्याने कपाळावरचा घाम पुसला आणि आत जाऊन पंखा लावून बसला.

शिकाऊ लायसन्स मी काढलं आणि शिकवलं अंकलनी. मिठागरांच्या बाजूला एक लांब कच्चा रस्ता आहे, सकाळी तिथे कोणी नसतं. तिथे ते शेजारी बसायचे, हातब्रेकवर हात ठेवून. पहिल्या आठवड्यात मी एकदा गोंधळले. थांबायचं होतं, आणि मी दांडा ढकलायच्या ऐवजी ओढला. अंकलनी हातब्रेक खेचला तोवर गाडी बांधावरून उतरून पुढची दोन चाकं चिखलात घालून उभी राहिली. मिठागरावर काम करणारा एक म्हातारा फावडं घेऊन आला, आत वाकून बघितलं. "पानी खोल नाय," म्हणाला, "पन चिखल वाईट. बसून रावा दोघं." आणि त्याने दोन माणसं बोलावली.

गाडी बाहेर निघाल्यावर अंकल म्हणाले, "आज पुरे?"

मला खरं तर रडू येत होतं. भाऊ, आई, तो शोरूमचा मॅनेजर, सगळे डोळ्यांपुढे येऊन मान हलवत होते. मी म्हटलं, "नाही. याच जागी परत येणार आणि याच जागी थांबवणार." तशी थांबवली. सहा वेळा. सातव्या वेळी अंकल म्हणाले, "बस झालं बाय, मला बायकोने मासळी आणायला सांगितलीय."

एवढं सगळं झाल्यावर खरी गाठ सरकारी कागदांशी होती. गाडीत केलेला बदल नोंदवून घ्यायचा आणि माझी परीक्षा. आरटीओचे निरीक्षक तरुण होते, वाईट नव्हते. पण माझ्यासारखी केस त्यांच्यासमोर कधी आली नसावी. त्यांनी दांडा पाहिला, आकृत्या पाहिल्या आणि म्हणाले, "कंपनीचं पत्र लागेल. हा बदल चालतो असं."

"कंपनी इथे नाही."

"मग अवघड आहे."

मी घरी येऊन जपानला पत्र लिहिलं. आकृत्यांसकट, इंग्रजीत. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, अतिशय नम्र. त्यांच्या गाडीवर माझा इतका विश्वास आहे याबद्दल आभार, परंतु आम्ही बाहेरून केलेल्या बदलांना मान्यता देऊ शकत नाही. खाली सही होती, हाताने केलेली. मी ते पत्र जपून ठेवलंय. नाही म्हणताना सही करणारे लोक कमी असतात.

मग मी त्या गाडीच्या मालकांचा एक ग्रुप आहे त्यात शिरले. फोनवर. देशभरातले चारेकशे लोक, सगळ्यांच्या गाड्या अशाच पोरक्या. नागपूरचा एक दातांचा डॉक्टर होता, त्याने रेडिएटरच्या पंख्यासाठी भंगारवाल्यांची यादीच केली होती. एक निवृत्त सुभेदार होते पुण्याचे, ते दर सकाळी आपल्या गाडीचा फोटो टाकायचे, आदल्या दिवसासारखाच. कोइमतूरचे एक गृहस्थ इंजिनाचे धक्के सोसणारे रबरी बुश स्वतः ओतून लोकांना कुरिअरने पाठवायचे. मी माझं म्हणणं लिहिलं. मला वाटलं होतं सहानुभूती येईल. त्याऐवजी प्रश्न आले. सळीचा व्यास किती? स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर दांडा गुडघ्याला लागतो का? सुभेदारांनी लिहिलं: "बेटा, जो माणूस कागद मागतो त्याला विचार, कुठल्या नियमात लिहिलाय. शांतपणे विचार. लेखी विचार."

मी लेखी विचारलं. कंपनीचं पत्र कोणत्या नियमाने लागतं ते कृपया लेखी कळवावं. सोबत माझ्या विद्यार्थ्याने दिलेला दाखला जोडला, कुठलं पोलाद, किती जाडीचं, किती भार देऊन तपासलं ते सगळं लिहिलेला. उत्तर आलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, पोचपावती घेऊन. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या वेळी निरीक्षक मला बघून हसले. म्हणाले, "मॅडम, मी वरती विचारलं. पत्राची गरज नाही. मी स्वतः तपासतो."

परीक्षेच्या दिवशी भाऊ आला होता. रजा काढून. मी बोलावलं नव्हतं, आईने कळवलं असणार. तो कुंपणाशी उभा राहिला.

निरीक्षक शेजारी बसले. चालवा म्हणाले, चालवली. मागे घ्या, घेतली. मग म्हणाले, "वेगात येऊन त्या पांढऱ्या रेघेवर थांबा." थांबले. चाकं बरोबर रेघेवर. "परत." परत थांबले. "अजून एकदा." थांबले. चौथ्यांदा "परत" म्हणाले तेव्हा मी गाडी बंद केली.

"साहेब, माझ्याआधी जो मुलगा गेला, त्याला तुम्ही किती वेळा थांबवायला लावलं?"

त्यांनी वहीचं पान मागे उलटलं.

"एकदा," मी म्हटलं. "मी इथेच बसून बघत होते. आणि तो रेघेच्या पुढे गेला होता. मला विसाव्यांदा सांगा, मी थांबवीन. पण आधी एवढं सांगा, की मी चुकेन म्हणून सांगताय, की मी चुकत नाही म्हणून?"

माझे कान तापले होते. वाटलं, घालवलं आपण सगळं. त्यांनी काचेतून पांढऱ्या रेघेकडे पाहिलं. मग वहीत काहीतरी लिहिलं. दार उघडून उतरले आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "दुसरं. बरोबर आहे तुमचं. जा."

कुंपणाशी भाऊ उभा होता तिथे मी गाडी नेली. काच खाली केली. तो काही म्हणायच्या आत मी म्हटलं, "बस." त्याने पुढचं दार उघडलं, सीटवरच्या माझ्या कुबड्या उचलून मागे ठेवल्या आणि बसला. विरार येईपर्यंत तो एक हात दाराच्या कड्याला घट्ट धरून होता आणि उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबत होता. फाटकाजवळच्या गर्दीत एका टेम्पोने कट मारला तेव्हा मी त्याला दोन शब्द सुनावले. भाऊ म्हणाला, "शिव्या कुठे शिकलीस?" मी म्हटलं, "तुझ्याकडूनच. रिक्षात मागे बसून बसून."

त्याला पाच वर्षं होत आली. या काळात गाडी दोनदा बंद पडली. एकदा रेडिएटरचा पंखा गेला, नागपूरच्या डॉक्टरांच्या यादीतल्या एका माणसाकडे मिळाला. एकदा इंजिनखालचं रबर फाटलं, ते कोइमतूरहून आलं, सोबत एक चिठ्ठी, की हे बसवताना साबणाचं पाणी लावा. दोन्ही वेळा मी गाडीत बसून फोन केला आणि वाट पाहिली. सोसायटीच्या सभेत पार्किंगच्या चर्चेत एका सभासदाने माझ्या गाडीचा उल्लेख "जुनाट गाड्या" असा केला. मी उठून उभी राहिले. मला उठायला वेळ लागतो, तोवर सभा शांत झाली. मी म्हटलं, "जुनी आहे. रोज चालते. तुमच्या नव्या दोन गाड्यांपैकी एक गेले आठ महिने कव्हरखाली आहे, ती आधी बघू." तो विषय इतिवृत्तात आला नाही.

गाडीची पंधरा वर्षं भरायला फार दिवस उरले नाहीत. मग पुन्हा तपासणी, पुन्हा कागद. लोक आत्ताच विचारतात, आता काय करणार? करणार. सळी झिजली तर नवी बनवून घेणार. गाडीच गेली तर हे माप दुसऱ्या गाडीला बसवणार. आकृत्या माझ्याकडे आहेत.

एक गोष्ट मात्र मी कोणालाच सांगितलेली नाही, भावालाही नाही. लायसन्स मिळालं त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी मी सकाळी निघाले ती अर्नाळ्याच्या बाजूला गेले. किनाऱ्याच्या अलीकडे सुरूची झाडं आहेत, तिथे रस्ता संपतो. गाडी लावली, खिडक्या उघड्या ठेवल्या. भरती होती. एक बाई दगडावर बसून जाळं सोडवत होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली.

माझ्या लक्षात आलं, की आज मी कुठे आहे हे जगात कोणालाही माहीत नाही. पन्नास वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं. स्कूटरवर मी घर ते कॉलेज एवढंच जायचे. बाकी मला नेहमी कोणीतरी पोचवलेलं असायचं. आईने, भावाने, रिक्षावाल्याने, मैत्रिणीने. मला एकटीला समुद्र कोणी दाखवलाच नव्हता, कारण एकटीला दाखवता येत नाही.

मी सीट मागे केली आणि बसून राहिले. थर्मासमधला चहा ओतून घेतला. तासाभराने फोन वाजला. भाऊ होता.

"ताई, आईचा फोन आला. कुठे आहेस?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"सांगणार नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.